मैदानाच्या मध्यरेषेवरील जाळी काढण्याबाबत

प्रति,
मा. मैदान अधिकारी,
मैदाने व क्रीडांगणे कक्ष,
विभाग कार्यालय, मुंबई.

अर्जदार : रामदास सखाराम तळवडेकर, वय ६७, निवृत्त शिक्षक,
गुहागरकर चाळ, दुसरा मजला, खोली क्र. ३१, शिवडी.

विषय : वखारीमागील मैदानाच्या मधोमध उभी केलेली जाळी काढण्याबाबत आणि कु. आकांक्षा मिठबावकर हिच्यावरील मैदानबंदी रद्द करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा आदेश, दि. २४ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. अर्ज कसा लिहावा हे मुलांना सांगताना मी म्हणत असे की आधी मागणे लिहावे, मग कारण. म्हणून आधी मागणे लिहितो. मैदानातील लोखंडी जाळीचे खांब बुधवार दि. १७ डिसेंबर रोजी काँक्रीट ओतून कायमचे बसवणार, असे ठेकेदाराच्या माणसांकडून कळले. त्याआधी ती जाळी काढावी. तसेच आपल्या आदेशात ‘दोन वस्त्यांत वाद निर्माण करणारी व्यक्ती’ असे लिहून जिला दोन वर्षे मैदानात येण्यास मनाई केली आहे, त्या आकांक्षाचे नाव खोडून तेथे माझे नाव लिहावे. दोष माझा आहे. तो कसा, हे खाली क्रमाने मांडतो. अर्ज लांबला आहे, परंतु यातील काही गोष्टी माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाहीत.

२. वखारीमागील मैदानाच्या एका बाजूस आमची गुहागरकर चाळ आहे आणि दुसऱ्या बाजूस खाडीपाडा कोळीवाडा. आमच्या चाळीत बहुतेक कोकणातून गिरणीत आलेल्यांची कुटुंबे आहेत. चाळीचा गणपती पाण्यात नेण्याचा मान पहिल्यापासून कोळीवाड्याच्या होडीचा. सन २०२३ मध्ये होडी यायला उशीर झाला. आमच्या काही तरुणांनी वाट न पाहता दुसरीकडून तराफा ठरवला. होडी सजवून आलेल्या मंडळींनी रिकाम्या हाताने परत जायचे, हा त्यांना अपमान वाटला. शब्दावरून शब्द वाढला, बाटल्या फुटल्या आणि चार जण जखमी झाले. त्यांत आमच्याच चाळीतील आकांक्षाचा थोरला भाऊ होता. त्याच्या डोक्याला अकरा टाके पडले.

त्या दिवसापासून दोन्ही बाजूंचे येणेजाणे थांबले. कोळीवाड्याच्या सोनूबाई तीस वर्षे मासळीची पाटी घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येत असत. कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाचा उपास आहे, हे त्यांना न विचारता कळे. त्यांची पाटी जिन्याखाली थांबली, आणि मग तीही येईना. मुले मैदानात आपापल्या टोकाला खेळू लागली. मधली जागा रिकामी राही आणि तेथे गवत वाढले.

३. आकांक्षा आता वीस वर्षांची आहे. ती महाविद्यालयाच्या कबड्डी संघात खेळते. चौथीत ती माझ्या वर्गात होती. पाढे पाठ नसले की ती मला खेळाच्या गोष्टी विचारून वेळ काढी. गेल्या जानेवारीत ती एकटीच कोळीवाड्यात गेली आणि रविवारी कबड्डी खेळायला कोण येणार, असे दारोदार विचारत फिरली. सोनूबाईंनी तिला ओळखले. त्या म्हणाल्या, “तुझ्याच भावाचं डोस्कं फुटलं ना गो? मग तू इथं कशी?” ती म्हणाली, “म्हणूनच आले, मावशी.” हे मला सोनूबाईंनी स्वतः सांगितले. त्यांची तेरा वर्षांची नात किर्ती ही त्या दिवशी नाव देणारी पहिली.

उपक्रमाचे नाव आकांक्षाने ‘एक मैदान’ असे ठेवले. मुलांकडून काहीही घेतले जात नाही. प्रथमोपचाराची पेटी आणि दोऱ्या तिने स्वतः आणल्या. मुले शिस्तीत उभी राहावीत म्हणून तिने मला बोलावले. मी खुर्चीवर बसून शिटी वाजवत असे.

४. उपक्रमाचा नियम एकच होता. चाळीचा संघ विरुद्ध कोळीवाड्याचा संघ, असा सामना कधीही खेळवायचा नाही. प्रत्येक संघात दोन्हीकडची मुले असावीत. आपणांस ठाऊक असेल की कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडण्यासाठी मुले एकमेकांचे हात धरून साखळी करतात. पहिल्या रविवारी मुलांनी हात धरले नाहीत, मधे रुमाल धरला. एक टोक चाळीच्या मुलाच्या हातात, दुसरे कोळीवाड्याच्या. मी ओरडणार होतो. आकांक्षा म्हणाली, “राहू द्या गुरुजी, रुमाल निसटतील.” तसेच झाले. रुमाल धरून कोणाला पकडता येत नाही. चढाई करणारा दर वेळी सुटून जाई आणि हरलेले एकमेकांना दोष देत. तिसऱ्या रविवारी रुमाल मुलांनीच खिशात घातले.

मे महिन्यात सोनूबाईंची पाटी पुन्हा आमच्या दुसऱ्या मजल्यावर आली. मी बांगडे घेतले. मला बांगडा फारसा आवडत नाही, तरी घेतला.

५. आता मातीचा विषय. आपल्या आदेशात त्याला ‘मैदानात घातक पदार्थ मिसळणे’ असे म्हटले आहे.

पावसाळ्यानंतर मोठा सामना भरवायचे ठरले, तेव्हा नीट मैदान करणे भाग होते. मी मुलांना आमच्या तरुणपणीची एक रीत सांगितली. गावी गेलेला माणूस मुंबईला परतताना पिशवीभर तांबडी माती आणी आणि मंडळाच्या मैदानात टाकी. खेळताना अंगाला गावची माती लागावी, एवढाच हेतू. मुलांना ते आवडले. चाळीची मुले गणपतीला गावी गेली आणि येताना पिशव्या घेऊन आली. ऑक्टोबरात एका रविवारी प्रत्येकाने गावाचे नाव मोठ्याने सांगून आपली पिशवी मैदानात ओतली. दौलतरावांचा नातू मयूर याने तर आजोळचे आणि वडिलांचे अशी दोन गावे सांगितली. (श्री. दौलतराव हे आमच्या चाळ समितीचे अध्यक्ष व मूळ तक्रारदार आहेत.)

त्या वेळी किर्ती माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाली, “गुरुजी, आमचं गाव इथंच हाय. आम्ही कुठली माती आणू?” मी तिला सांगितले की जेथे तुमचे घर आहे तेथील आणा, तीच तुमच्या गावची. या उत्तराचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवार दि. १५ नोव्हेंबर रोजी, किर्ती व तिच्या सोबतची मुले दोन घमेली माती घेऊन आली. माती चांगल्यातली चांगली असावी म्हणून ती त्यांनी सोनूबाईंच्या अंगणातून खणली होती. सोनूबाई त्या अंगणात बसून कालवे फोडतात. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई तेथेच बसत. त्या घराला त्याहून मानाची जागा नाही. कालवे म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. त्यांच्या कवचाची कपची काचेपेक्षा कमी धारेची नसते. कोळीवाड्याची मुले त्या अंगणात जन्मापासून अनवाणी फिरतात. त्यांना ते सांगण्यासारखे वाटले नाही.

६. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडले आहे.

घमेली आली तेव्हा आकांक्षा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “गुरुजी, ही माती चाळून घेऊ या ना?” चाळण पंपाच्या खोलीत होती. काम अर्ध्या तासाचे होते. मी नको म्हणालो. चाळीच्या मुलांची माती आपण न चाळता घेतली होती. आता सर्वांसमोर फक्त कोळीवाड्याची माती चाळली, तर किर्तीला काय वाटेल, असा विचार मी केला. तुमच्यावर विश्वास नाही, हे तोंडाने न बोलता सांगितल्यासारखे झाले असते. आकांक्षाने पुन्हा एकदा विचारले. मी तिला गप्प केले. माझ्यासमोर ती अजून चौथीतच असते, त्यामुळे ती गप्प राहिली.

माझ्या हाताखाली काही हजार मुले शिकली असतील. वर्गात एकाची वही तपासली तर सगळ्यांची तपासावी, हे मी त्या सर्वांना करून दाखवले आहे. सगळी माती पुन्हा एकत्र करून चाळता आली असती. हे मला त्या दिवशी सुचले नाही. दुसऱ्या दिवशी, सर्व झाल्यावर सुचले.

७. रविवार दि. १६ नोव्हेंबर रोजी सामना सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील. मयूर चढाईला गेला, मागे फिरताना घसरला आणि त्याची टाच फाटली. रक्त बरेच आले. कोणीतरी ओरडले की मातीत काच टाकली आहे. कोण ओरडले ते मला दिसले नाही. नंतर विचारले, तर प्रत्येकाने ते दुसऱ्याकडून ऐकले होते. पालक मैदानात उतरले. खुर्च्या उचलल्या गेल्या. मुले मात्र भांडली नाहीत. ती मध्यरेषेपाशी हात धरून उभी होती, कारण शिटी वाजेपर्यंत साखळी सोडायची नाही, असे त्यांना शिकवले होते आणि माझ्याकडून शिटी वाजली नाही. आकांक्षाने आपली ओढणी मयूरच्या पायाला बांधली आणि त्याला पाठीवर घेऊन ती दवाखान्याकडे धावली. मयूरला सहा टाके पडले. मोठ्यांत दोघांना किरकोळ मार लागला. पोलीस आले आणि मैदानाला कुलूप लागले.

८. श्री. दौलतराव यांनी नातवाचे रक्त पाहून त्याच दिवशी तक्रार लिहिली. त्यावरून आपला आदेश निघाला. आपल्या कार्यालयाचा हेतू शांततेचाच आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु शांततेसाठी मैदानाचे दोन समान भाग करावेत असे ठरले, तेव्हा मध्य शोधण्याचे काम राहिलेच नव्हते. आकांक्षाने सामन्यासाठी चुन्याची मध्यरेषा आखलेली होती. ठेकेदाराच्या माणसांनी टेप लावून पाहिला आणि रेषा अचूक निघाली म्हणून तिचे कौतुक केले. दि. १ डिसेंबर रोजी त्याच रेषेवर खड्डे खणून जाळी उभी राहिली. अलीकडे ‘भाग अ’, पलीकडे ‘भाग ब’, दोन स्वतंत्र फाटके आणि दोन्हीकडे ‘शांतता राखा’ असा फलक.

कबड्डीच्या मैदानाला मध्यरेषा कशासाठी असते, हे आपणांस लिहून कळवणे उद्धटपणाचे होईल. तरी लिहितो. ती ओलांडून पलीकडे जाता यावे म्हणून असते.

९. जाळीनंतरची परिस्थिती पुढीलप्रमाणे आहे. अर्ध्या मैदानात कबड्डी खेळता येत नाही, म्हणून मुले क्रिकेट खेळतात. चेंडू पलीकडे गेला की चौकीदाराकडे लेखी नोंद करावी लागते. आज अखेर भाग अ चे नऊ व भाग ब चे सहा चेंडू नोंदीत आहेत. ते सर्व चौकीत एका बादलीत ठेवले असून कोणता कोणाचा हे ठरत नसल्याने परत दिलेले नाहीत. भाग अ मध्ये आता एकाच चाळीची मुले आहेत, तरी दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याची मुले जागेवरून भांडू लागली आहेत. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी मुलांचा त्रास होतो म्हणून भाग अ मध्येही मधोमध जाळी लावावी, असा अर्ज केल्याचे समजते. तो मंजूर झाल्यास भाग अ चेही दोन भाग होतील. जाळ्या कोठे थांबतील, हे मला सांगता येत नाही.

सोनूबाईंची पाटी पुन्हा बंद झाली. तुमच्या पोरीने आमच्या मुलांच्या पायात काचा घातल्या, असे त्यांना बाजारात तोंडावर ऐकावे लागले. त्यांनी अंगणात कालवे फोडणे थांबवले आहे. आता त्या घरात, दार लावून फोडतात.

आदेशाच्या कलम ३ नुसार मातीचा नमुना तीन प्रतींत मागवला आहे. तो सोबत जोडला आहे. तिन्ही प्रती एकाच जागेच्या आहेत, परंतु तिन्हींत तेच निघेल याची खात्री देता येत नाही.

१०. आता जे मी प्रत्यक्ष पाहिले ते. हे आपल्या चौकीदारालाही विचारता येईल.

जाळी लागल्यापासून किर्ती रोज शाळेतून आली की भाग ब मध्ये उकिडवी बसून मातीतून शिंपल्यांचे तुकडे वेचते. ते करवंटीत घालून घरी नेते. तिला हे कोणी सांगितलेले नाही. आपल्या बाजूचे वेचून झाल्यावर ती जाळीपाशी येऊन बसू लागली. त्या दोन घमेल्यांतील अर्धी माती भाग अ मध्ये पसरली आहे आणि तेथे जाण्याची तिला परवानगी नाही. मागील शुक्रवारी मी खिडकीतून पाहिले. मयूर, पायाला पट्टी बांधलेला, जाळीच्या आमच्या बाजूस लंगडत होता. किर्ती पलीकडून बोटाने दाखवत होती आणि तो तेथे वाकून तुकडा उचलत होता. संध्याकाळचे ऊन तिरपे पडले की तुकडे चमकतात. ते तिला तिकडून दिसत होते, त्याला इकडून दिसत नव्हते. एक एक तुकडा तो जाळीच्या भोकातून तिच्या करवंटीत टाकत होता.

मी खाली गेलो. मला पाहून मयूर म्हणाला, “गुरुजी, काच एकपण नाय निघाली. सगळ्या शिंपल्याच.” किर्तीने करवंटी वर धरून मला दाखवली, जशी मुले पुरी झालेली वही दाखवतात. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिची माती चाळायची नाही असे मी तिचे मन राखण्यासाठी ठरवले होते, आणि त्यामुळे ते मूल आज तीच माती नखांनी चाळत आहे.

११. मी त्याच दिवशी श्री. दौलतराव यांच्या घरी जाऊन चाळणीची गोष्ट सांगितली. आम्ही एका गिरणीच्या आवारात वाढलेले आहोत. ते म्हणाले, “रामदास, आता तक्रार मागे घेतली तर लोक बोलतील, म्हातारा आधी खोटं लिहून बसला. तू लिही. मी आडवा येणार नाही.” त्यांची सही मी मागितली नाही. परंतु चौकशी झाल्यास ते खरे सांगतील, असा मला विश्वास आहे.

आकांक्षाने आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही की माती न चाळण्याचा निर्णय माझा होता. पोलिसांनी विचारले तेव्हाही तिने ‘आम्ही चाळली नाही’ एवढेच सांगितले. ‘आम्ही’ म्हणण्याचे तिला कारण नव्हते. पुढील वर्षी तिला क्रीडाशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला जायचे आहे. मुलांच्या मैदानावर जिला बंदी आहे, तिच्या हाती कोणती शाळा मुले देईल? रविवारी सकाळी ती आता मैदानाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी असते. आदेशात अंतर लिहिलेले नाही, म्हणून ती आपले आपणच जास्तीचे अंतर ठेवते.

१२. तरी विनंती की :

(क) मध्यरेषेवरील जाळी दि. १७ डिसेंबरपूर्वी काढावी.

(ख) आदेशातील आकांक्षाचे नाव वगळून तेथे माझे नाव घालावे, आणि दोन वर्षांची मैदानबंदी मला लागू करावी. माझे वय पाहता ती कमी करू नये.

(ग) जाळी काढण्यापूर्वी संपूर्ण मैदानाची माती, दोन्ही भागांची, चाळू द्यावी. चाळण आमची आहे. बंदी त्यानंतर लागू झाल्यास मला हे काम करता येईल.

(घ) वरील काहीही मंजूर करणे शक्य नसल्यास, निदान जाळीला मधोमध एक दार ठेवावे. मोठे नको. एक मूल जाऊ शकेल एवढे पुरे. रविवारी सकाळी सात ते नऊ ते उघडावे आणि किल्ली चौकीदाराकडेच असावी. गर्दी होणार नाही. या खेळात पलीकडे एका वेळी एकच जण जातो, अर्ध्या मिनिटासाठी जातो आणि संपूर्ण वेळ मोठ्याने बोलत राहतो, त्यामुळे तो कोठे आहे हे सर्वांना कळते. त्याला पकडण्यासाठी पलीकडे जी मुले हात धरून उभी असतील, त्यांत दोन्ही वस्त्यांची असतील. पकडला गेला तरी त्याला कोणी ठेवून घेत नाही. दार त्याच्या परत येण्यासाठी उघडे राहावे, एवढेच.

आपला नम्र आणि या प्रकरणी दोषी,

(सही)
रामदास सखाराम तळवडेकर

दि. १२ डिसेंबर २०२५
शिवडी, मुंबई

सोबत :
१. आदेशाची छायाप्रत.
२. मातीचा नमुना, तीन पुड्या.
३. मयूरचे स्वतःच्या अक्षरातील निवेदन, एक पान. (शुद्धलेखन तपासलेले नाही.)
४. किर्तीची करवंटी, शिंपल्यांच्या तुकड्यांसह. पाहून झाल्यावर कृपया परत करावी. तिला ती रोज संध्याकाळी लागते.